मृत्युपत्र : सही एक, साक्षीदार दोन

मृत्युपत्राचा विषय निघाला की ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून आपण तो टाळतो. पण तोक्योत ओजिमाला बिऱ्हाड आणि पुण्यात स्वतःचा फ्लॅट असणाऱ्याने तो टाळू नये.

मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांत समान वाटली जाते. घरात पत्नी, दोन मुले व आई असल्यास पत्नीला मिळतो केवळ चौथा हिस्सा. मुले अज्ञान असतील, तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी हवी. ‘नॉमिनी लावला आहे’ हे समाधानही अपुरे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रातून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले, की केवळ नामनिर्देशनामुळे नॉमिनी शेअर्सचा मालक ठरत नाही.

आता खरी मेख पाहू. जपानी कायद्यात संपूर्ण मजकूर, तारीख व नाव स्वहस्ते लिहून शिक्का उमटवला, की मृत्युपत्र वैध होते. साक्षीदार लागत नाही. ओजिमात असे लिहून निर्धास्त राहिलात, तर पुण्याच्या फ्लॅटपुरता तो कागद निरुपयोगी! १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेतच. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी’ असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि त्याने स्वतःची सही तुमच्यासमोर करावी.

उलट, भारतीय पद्धतीचे मृत्युपत्र जपानला चालते. मृत्युपत्र करणाऱ्याच्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यात बसणारा नमुना तेथील १९६४ च्या कायद्याने मान्य आहे. म्हणून भारतीय नागरिकाने दोन साक्षीदारांचे मृत्युपत्र करावे, हेच श्रेयस्कर.

स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. मराठीत लिहिले तरी चालते. पतिपत्नींनी मात्र स्वतंत्र कागद करावेत. जपानी कायदा दोघांचे एकत्र मृत्युपत्र मानत नाही. साक्षीदार लाभार्थी नसावेत, वयाने आपल्याहून लहान असावेत आणि निदान एकजण भारतात सापडेल असा असावा. कारण मृत्युपत्र सिद्ध करताना न्यायालयात साक्ष द्यावी लागते. सुटीत पुण्याला जाल, तेव्हा हे काम उरकावे.

आणि मूळ प्रत कुठे ठेवली, हे घरात सांगून ठेवा. न सापडलेले मृत्युपत्र न केल्यासारखेच!