युद्ध त्यांचं, गाणं आपलं

गोरेगावचा फिल्मिस्तान स्टुडिओ १९४३ साली निघाला, त्याच वर्षी अमेरिकेत 'स्टेज डोअर कॅन्टीन' लागला: बडे कलावंत सैनिकांसाठी गातात, नाचतात, कथा नावापुरती. हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही. पैसा नव्हता म्हणून? पटत नाही. शेजारच्या मालाडला बॉम्बे टॉकीजने त्याच साली काढलेला 'किस्मत' कलकत्त्यात तीन वर्षांहून जास्त चालला! त्यातल्या कवी प्रदीप यांच्या गाण्यात दम दिला होता जर्मन-जपान्यांना, म्हणून सेन्सॉर गप्प. प्रेक्षकांनी तो इंग्रजांना लावला. मग जवानांबद्दल आस्थाच नव्हती, असं कुणी म्हणेल. तसं नाही, लढाई परक्या सरकारची होती. १९६२ च्या युद्धानंतर सुनील दत्त-नर्गिस यांचं अजंठा आर्ट्स पथक थेट सीमेवर जवानांपुढे कार्यक्रम करू लागलं.