दरवाजा, प्रयोगशाळा आणि कबुली : ‘सीआयडी’ मालिकेची घडण

गुन्हा कोणी केला यापेक्षा तो कसा उघडकीस आला यावर जिची भिस्त असते, त्या दूरचित्रवाणी मालिकेला तपासमालिका म्हणता येईल. या प्रकाराचा साचा अमेरिकेत पडला. जॅक वेब यांची ‘ड्रॅगनेट’ ही मालिका 1949 साली रेडिओवर सुरू झाली आणि 1951 च्या अखेरीस दूरचित्रवाणीवर आली. लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातील प्रकरणांवर बेतलेल्या या मालिकेचा नायक, सार्जंट जो फ्रायडे, हा अलौकिक बुद्धीचा गुप्तहेर नव्हता, तर साक्षीदारांकडून एकेक तपशील काढून घेणारा पगारी नोकर होता. पुढे ‘कोलंबो’ने खुनी कोण हे आरंभीच दाखवून तो पकडला कसा जातो एवढीच उत्कंठा शिल्लक ठेवली, 1981 च्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने एकाच ठाण्यातील अनेक कथानके भागांमागून भाग चालवली, तर 1990 मध्ये आलेल्या डिक वुल्फ यांच्या ‘लॉ अँड ऑर्डर’ने प्रत्येक भागाचा पूर्वार्ध पोलिसांना आणि उत्तरार्ध सरकारी वकिलांना वाटून दिला.

महाराष्ट्रात या प्रकाराचे सर्वांत दीर्घायुषी रूप म्हणजे ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका होय. भाषा हिंदी असली तरी तिची मुळे मुंबईतील मराठी दूरदर्शनात आहेत. तिचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंह हे दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर कॅमेरामन होते. ‘सीआयडी’पूर्वी त्यांनी शिवाजी साटम यांच्यासह ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका केली होती, जिचे नाव पोलिसांना बोलावण्याच्या 100 या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले होते. सेंट्रल बँकेत नोकरी केलेले आणि मराठी रंगभूमीवर वावरलेले साटम 21 जानेवारी 1998 रोजी सोनी वाहिनीवर एसीपी प्रद्युम्न म्हणून अवतरले आणि ऑक्टोबर 2018 पर्यंत, दीड हजारांहून अधिक भाग, त्या खुर्चीवर कायम राहिले. डिसेंबर 2024 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली.

मालिकेच्या बहुतेक भागांची रचना ठरलेली असते. आरंभी प्रेत सापडते. पथक घटनास्थळी पोचते. वस्तू उचलल्या जातात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, म्हणजे गुन्ह्यातील पुराव्यांची शास्त्रीय तपासणी होते तेथे, डॉ. साळुंखे मृत्यूचे कारण सांगतात आणि एसीपींशी त्यांची खडाजंगीही होते. मग दोन-तीन संशयित खोटे ठरतात, इन्स्पेक्टर दया एखादा बंद दरवाजा तोडून उघडतो आणि शेवटी एक सणसणीत थप्पड बसताच गुन्हेगार सगळे ओकून टाकतो. ‘ड्रॅगनेट’मधील कोरडा सरकारी सूर येथे उरलेला नाही. त्याची जागा एकत्र कुटुंबाने घेतली असून एसीपी हे करारी पण आतून मायाळू वडीलधारे, इन्स्पेक्टर अभिजीत आणि दया हे कर्ते मुलगे, तर दिनेश फडणीस यांनी रंगवलेला फ्रेडरिक्स हा घरातला थट्टेखोर ठरतो. त्यामुळे रहस्य फसले तरी प्रेक्षक पुढच्या भागाला हजर असे.

या कारखानी उत्पादनातही कारागिरीची हौस होती. 2004 साली सिंह यांनी 111 मिनिटांचा एक अख्खा भाग एकाच शॉटमध्ये, म्हणजे कॅमेरा मध्ये कोठेही न थांबवता, चित्रित केला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. संकलनाची कात्री नसल्यामुळे नटाची एक चूक म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे पत्करून केलेला हा प्रयोग कॅमेरामन असलेल्या दिग्दर्शकालाच सुचण्याजोगा होता.

मालिकेने तपासातून काय गाळले, हे मात्र मुंबईपेक्षा गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावावरून अधिक स्पष्ट दिसते. मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन हिंदीभाषक राज्यांना भिडलेल्या गोंदिया जिल्ह्यात मालिकेची हिंदी परकी वाटण्याचे कारण नाही. परका आहे तो तिचा हुद्दा. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद केवळ पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत असते. गोंदियासारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि त्यांच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी असतात. खरी सीआयडी, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, हिचे मुख्यालय पुण्यात असून तिच्याकडे मोजकी प्रकरणे सोपवली जातात. गावात खून झाला तर खबर देणे हे महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार पोलीस पाटलाचे काम. तपास स्थानिक ठाण्याचा आणि समांतरपणे ‘एलसीबी’चा, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचा असतो.

त्या तपासाचा कणा धावपळ नसून कागद हा आहे. प्रथम मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद होते. मग दोन पंचांसमक्ष प्रेताचा आणि घटनास्थळाचा पंचनामा लिहिला जातो. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण निश्चित झाले नाही तर व्हिसेरा, म्हणजे पोटातील अवयवांचे नमुने, राखून सीलबंद बरण्यांतून नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना केले जातात. डॉ. साळुंखे यांचा निष्कर्ष जाहिरातींच्या दोन विश्रांतींमध्ये हाती येतो. प्रत्यक्षात अहवालाची वाट पाहावी लागते आणि बरणीवरचे सील अभंग होते काय, हा प्रश्न उलटतपासणीत विषाच्या नावाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

सर्वांत मोठी तफावत शेवटच्या दृश्यात आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 25 मधील नियम 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये तसाच कायम आहे, कारण कोठडीत मारहाण करून कबुली उकळली जाईल ही भीती कायदा करणाऱ्यांनीच गृहीत धरली होती. मुख्य अपवाद असा की, कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंधित तेवढी माहिती ग्राह्य धरली जाते. म्हणून ‘कुऱ्हाड नाल्यात फेकली’ असे आरोपी म्हणाला की पंचांसमोर मेमोरेंडम पंचनामा लिहिला जातो, आरोपी पुढे व पंच मागे असे सर्व जण नाल्यावर जातात आणि जप्तीचा दुसरा पंचनामा होतो. ज्या थपडेवर मालिकेचा भाग संपतो, तिच्या जोरावर मिळालेली कबुली न्यायालयात टिकत नाही. उलट ती थप्पडच बचाव पक्षाच्या हाती आयते हत्यार देते.

‘लॉ अँड ऑर्डर’ने न्यायालयाला अर्धा वेळ दिला, म्हणून तेथे तपासातील कच्चे दुवे वकील उघडे पाडत, तर ‘सीआयडी’त न्यायालयाला जागाच नसल्यामुळे तपास कधी कच्चा ठरतच नाही. संथ न्यायाला विटलेल्या प्रेक्षकाला त्याच रात्री मिळणारा निकाल हवासा वाटला, यात नवल नाही. तथापि त्याच प्रेक्षकाला उद्या ठाण्यातून पंच म्हणून बोलावणे आले, तर आपण काय पाहिले आणि कशावर सही केली हे त्याला पुढे न्यायालयात शपथेवर सांगावे लागते, आणि नेमके हेच काम वीस वर्षांच्या सवयीने त्याला दुय्यम वाटू लागलेले असते. फितूर किंवा बेफिकीर पंचामुळे मोडणारा खटला कोणत्याही एसीपीला वाचवता येत नाही. मराठी मातीत घडलेल्या या यंत्राने पोलिसांना घरातले केले, हे त्याचे श्रेय. पंचनाम्याला मात्र त्याने घराबाहेरच ठेवले.