पुणतांब्याचा चितळकर आणि आमचं क्लॅरोनेट

लग्नाच्या बँडवाल्याला गायकाशी फारसं देणंघेणं नसतं. आमच्या वहीत गाण्याचं नाव आणि पट्टी, एवढंच लिहिलेलं. गायकाच्या जागी क्लॅरोनेट, गायिकेच्या जागी ट्रंपेट. मूळ कोण गायलंय याची चौकशी करायची कशाला? इंदापूर, निमगाव केतकी, लासुर्णे, वालचंदनगर आणि पुढे बारामती, माळेगाव, हा आमचा पट्टा. इथं वरात रंगात आली की अजूनही एखादे आजोबा पुढं येतात आणि ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ मागतात. पोरं आधी हसतात, मग त्यांच्याच मागं खांदे उडवत नाचायला लागतात. पडद्यावर त्यावर नाचणाऱ्या भगवानदादांचा नाच ज्याला त्याला जमतो, हेच त्याचं थोरपण. पण त्या गाण्यात भगवानदादांना आवाज कुणाचा, असं विचारलं तर कुणी किशोरकुमार म्हणतं, कुणी रफी.

तो आवाज चितळकरांचा. आणि चितळकर म्हणजे दुसरे तिसरे कुणी नाहीत, संगीतकार सी. रामचंद्रच. रामचंद्र नरहर चितळकर. चाल बांधली की नाव सी. रामचंद्र, गायलं की नुसतं ‘चितळकर’. सुरुवातीच्या काही चित्रपटांना त्यांनी राम चितळकर नावानं संगीत दिलं होतं, ‘श्यामू’ नावानंही दिलं होतं. सिनेमावाले सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एका माणसानं स्वतःची इतकी नावं वापरली की त्यातला गायक मात्र हरवून गेला.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. आमच्याकडून फार लांब नाही ते. बारामतीहून दौंडला जायचं, मनमाडकडची गाडी धरायची, वाटेत पुणतांबं लागतं. चांगदेवांच्या समाधीसाठी लोक तिथं जातात. अण्णांच्या नावानं कुणी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडं ते शास्त्रोक्त गाणं शिकले. डोक्यात मात्र हिरो व्हायचं होतं. ‘नागानंद’मध्ये काम मिळालं, पण चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटी वाजवायला बसले. संगीतकार म्हणून पहिलं काम मिळालं ते तमिळ चित्रपटांचं. हिंदीत १९४२ साली ‘सुखी जीवन’ आला, तो मास्टर भगवान यांचा, म्हणजे भगवानदादांचाच. ती दोस्ती पुढं ‘अलबेला’पर्यंत पोचली.

आमच्या धंद्यातल्या माणसाला अण्णांबद्दल आपुलकी वाटते ती दुसऱ्याच कारणानं. त्यांचा आवडता वादक बेनी गुडमन. अमेरिकेतला हा स्विंग बँडचा राजा, आणि त्याचं वाद्य क्लॅरोनेट! लाकडी नळीवर चांदीच्या चाव्या, पाती जरा कोरडी पडली की चिरकणारं, आमच्यासारखंच. गुडमनचा वाद्यवृंद डोक्यात ठेवून अण्णांनी सॅक्सोफोन, गिटार, ट्रंपेट, बोंगो हिंदी गाण्यात आणले. हात होते गोव्याच्या वादकांचे. त्यातला आल्दोनाचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवणारा. तो अण्णांचा साहाय्यक होता. ‘अलबेला’त आपल्या वादकांना घेऊन पडद्यावरही दिसतो.

अण्णांची ही वाट पुढं रॉक अँड रोलपर्यंत गेली, म्हणून आता ते म्हणजे काय ते बँडवाल्याच्या भाषेत सांगतो. आपल्याकडं चार मात्रांत वजन पडतं पहिलीवर. मिरवणुकीत पाय तिथंच आपटतो. रॉक अँड रोलमध्ये साईड ड्रमची काडी कडाडते दुसरीवर आणि चौथीवर. ऐकायला सोपं आहे, पण नव्या पोराला शिकवताना मास्तरचा घसा बसतो. दोन फेऱ्या झाल्या की त्याचा हात आपसूक पहिल्या मात्रेवर येतो. खाली बेस चालत राहतो, मधे सॅक्सोफोन तेच तेच तुकडे फेकतो, आणि गायक गातो कमी, हाक जास्त मारतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूजमधून हे आलं. ‘रॉकेट ८८’ ही तबकडी १९५१ ची. पहिलं रॉक अँड रोल गाणं म्हणून पुष्कळ जण तिचं नाव घेतात. ‘अलबेला’ही १९५१ चाच. त्यातली गाणी रॉक अँड रोल आहेत असं मी म्हणणार नाही, ती स्विंगच्या घरातली आहेत. पण चितळकर ज्या बेफिकिरीनं शब्द फेकतात, सूर मुद्दाम जरा खाली ठेवून बोलल्यासारखं गातात, ती ढब पुढच्या सगळ्या उड्या मारणाऱ्या गायकांची आहे. ‘शहनाई’तल्या संडेच्या गाण्यात १९४७ सालीच त्यांनी ती दाखवली होती. ‘पतंगा’तलं रंगूनचं गाणंही तसंच. शमशाद बेगम पल्लेदार आवाजात गातात आणि चितळकर फोनवरून बोलल्यासारखं उत्तर देतात.

पण ही गाणी ऐकायची कुठं? ‘आकाशवाणी’ ज्यांच्या हाती, ते माहिती खात्याचे मंत्री तेव्हा होते बाळकृष्ण केसकर. माणूस आपला मराठी. पण चित्रपटगीतांवर त्यांचा इतका राग की १९५२ नंतर ती रेडिओवरून जवळजवळ उठलीच. लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडं फिरवली. माझे वडील बँडची गाणी तशीच उचलायचे. ठरलेल्या वेळी रेडिओजवळ बसायचं, एकानं मुखडा धरायचा, दुसऱ्यानं अंतरा, आणि पुढच्या आठवड्यात गाणं परत लागलं तर राहिलेलं जुळवायचं. नोटेशन कुणाला येत होतं?

मग १९५७ साली ‘आशा’ आला आणि ‘ईना मीना डीका’नं हिंदीत खरोखरीचा रॉकचा ठेका आणला. अंगणात खेळणाऱ्या पोरांची गाणी ऐकून ते सुचलं आणि गोव्याचे जॉन गोम्स यांनी त्यात आपली भर घातली, असा किस्सा सांगतात. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. हे गाणं अण्णांनी स्वतः गायलं नाही. एकदा किशोरकुमारकडून, एकदा आशाबाईंकडून गाऊन घेतलं. मला हा निर्णय बरोबर वाटतो. किशोरच्या गळ्यात तो वेडेपणा उपजत होता. अण्णांच्या गळ्यात मिश्कीलपणा होता, वेडेपणा नव्हता. पण ते गाणं किशोरनं गाजवलं आणि गायक चितळकर आणखी मागं पडले. पुढं १९६३ साली त्यांच्या चालीतलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं, मग तर लोकांना फक्त ते गंभीर अण्णाच आठवू लागले. ५ जानेवारी १९८२ ला ते गेले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे.

आमच्याकडं आता कीबोर्ड आणि बेंजो आला, क्लॅरोनेट वाजवणारं पोरगं शोधावं लागतं. जे येतं त्याला मी पहिल्यांदा ‘शोला’ देतो, कारण त्यात दम कुठं घ्यायचा ते कळतं. ‘ईना मीना’ पुष्कळ पुढं. आणि हात बसला की ‘आझाद’मधलं, लताबाईंबरोबरचं ते संथ द्वंद्वगीत. अगदी थोड्या दिवसांत गाणी बांधलेला हा चित्रपट. तलतचा आवाज मिळाला नाही म्हणून अण्णा स्वतः गायले, असं म्हणतात, आणि गायलेत अगदी तलतच्या मुलायम वाटेनं. नाचायला लावणारा तो गडी इथं ओळखू येत नाही. वरातीत ते कुणी मागत नाही. आम्ही जेवणाच्या पंगतीला वाजवतो.