आधार कोठला?



परीक्षेचा हंगाम जवळ आला की आम्हां शिक्षकांच्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांची चळत वाढू लागते. ते वाचताना समासात मी जर कोणता शब्द सर्वांत अधिक वेळा लिहीत असेन, तर तो म्हणजे ‘आधार?’ हा एकच शब्द आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. मुले मात्र त्याने दुखावतात. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी असा एक कागद हाती घेऊन माझ्याकडे आली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, “सर, मी कोणाचे चोरलेले नाही.”

तिने खरोखरच काही चोरले नव्हते. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत बायका जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्यांवर तिचा प्रबंध होता. शेवटी चौदा छापील ग्रंथांची यादी तिने मोठ्या नेटकेपणाने दिली होती. परंतु मी जेथे प्रश्नचिन्ह केले होते, तेथे एक सुंदर ओवी होती आणि तिच्याखाली केवळ ‘लोकगीत’ एवढेच लिहिलेले होते. मी विचारले, “ही ओवी तुला कोणी सांगितली?” ती म्हणाली, “माझ्या आजीने.” “मग आजीचे नाव कोठे आहे?” ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “आजीचे नाव संदर्भात घालतात का, सर?”

तिच्या ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच आजचा विषय उलगडेल, असे मला वाटते.

आधार दाखवणे ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली एक कटकट आहे, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळांची असते. ती खरी नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत आपल्या आधीच्या दहा वैयाकरणांची नावे घेतली आहेत. शाकटायन, गार्ग्य, शाकल्य ह्यांचे मत वेगळे असेल, तर ते त्यांच्या नावाने सांगितले आहे. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणारा मल्लिनाथ हा आजच्या तेलंगणातला. निराधार असे मी काही लिहिणार नाही आणि अनावश्यक असे काही बोलणार नाही, अशी त्याने आपल्या टीकेच्या आरंभीच प्रतिज्ञा केली. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला ह्याहून चांगला नियम आजही कोणी सांगू शकेल असे वाटत नाही.

आता आधार दिला नाही तर काय बिघडते ते पाहू. सिंहगडाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले, महाराजांनी त्यांना सिंह म्हटले आणि तेव्हापासून गडाचे नाव सिंहगड झाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीने ती कथा घरोघर नेली. परंतु १६७० च्या आधीच्या पत्रांतही ह्या गडाचा उल्लेख सिंहगड असा सापडतो, हे इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे. तानाजींचा पराक्रम त्यामुळे तिळमात्र उणा होत नाही. नावाची कथा तेवढी बदलते. आता विचार करा: एका पुस्तकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ती कथा उतरत गेली, तेव्हा प्रत्येकाने ‘हे मी अमुक ठिकाणाहून घेतले’ एवढे लिहिले असते, तर वाचक एकेक पायरी मागे जात मूळ कागदापर्यंत पोहोचला असता आणि चूक तेथेच उघडी पडली असती. संदर्भ म्हणजे वाचकासाठी ठेवलेली परतीची वाट होय. आपण जेथे उभे राहून पाहिले, तेथे त्यालाही जाऊन पाहता आले पाहिजे.

आधार केव्हा द्यावा? दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर ते अवतरणचिन्हांत घालून आधार द्यावा. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला, तरीही द्यावा. येथेच विद्यार्थी फसतात. ‘मी शब्द बदलले आहेत’ असे ते सांगतात. पण मोठेच्या जागी थोर आणि लढाईच्या जागी संग्राम असे लिहिल्याने विचार आपला होत नाही. पुस्तक मिटून, समजले ते स्वतःच्या वाक्यांत लिहावे, मग पुस्तक उघडून ताडून पाहावे आणि शेवटी आधार लिहावा. आकडे, कोष्टके, नकाशे आणि वादग्रस्त मते ह्यांनाही आधार हवाच. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, ह्यासारख्या सर्वमान्य गोष्टीला मात्र तो नको.

तो कसा लिहावा? सहा प्रश्नांची उत्तरे द्यावयाची: कोणी लिहिले, काय लिहिले, कोणी प्रसिद्ध केले, कोठे, केव्हा, आणि आपण घेतले ते कोणत्या पृष्ठावरून. ही उत्तरे मांडण्याच्या रीती अनेक आहेत. शिकागोची पुस्तिका १९०६ साली निघाली. तिच्यातील तळटिपांची रीत इतिहासाच्या अभ्यासकांना रुचते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची रीत १९२९ च्या एका लहानशा लेखातून वाढली. तीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष येते. भाषासाहित्याच्या अभ्यासकांची एम. एल. ए. पुस्तिका १९५१ ची. तिच्या आजच्या रीतीत कंसात आडनाव आणि पृष्ठांक असतो. ह्यांतली श्रेष्ठ कोणती, असे मुले विचारतात. तुमचे विद्यापीठ जी सांगेल ती, हे त्याचे उत्तर. मात्र एक धरली की शेवटच्या पानापर्यंत तीच पाळावी. पहिल्या प्रकरणात तळटीप, दुसऱ्यात कंस आणि तिसऱ्यात काहीच नाही, अशाने वाचक वाट चुकतो.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी काही अडचणी येतात. परक्या भाषेतील पुस्तिकांत त्यांची उत्तरे मिळत नाहीत. पहिली नावांची. यादीत आडनाव आधी घ्यावे: राजवाडे, वि. का.; सरदेसाई, गो. स. परंतु ज्ञानेश्वर, एकनाथ ह्यांना त्यांच्या नावानेच घ्यावे. टोपणनाव असेल तर ग्रंथावर छापलेले नावच लिहावे: कुसुमाग्रजांची कविता कुसुमाग्रज ह्या नावाखाली, आणि शिरवाडकर ह्या नावापाशी ‘कुसुमाग्रज पाहा’ एवढी सूचना.

दुसरी अडचण शकाची. जुन्या मराठी ग्रंथांवर अनेकदा केवळ शके छापलेले असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८४७ च्या श्रावणात निघालेले पुस्तक १९२५ चे, तर त्याच शकाच्या माघातले १९२६ चे. महिना छापलेला नसेल, तर अंदाजाने एक साल ठरवू नये. शके १८४७ लिहून कंसात १९२५–२६ असे लिहावे.

तिसरी अडचण आवृत्तीची. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. पण सर्व प्रतींत त्यांची संख्या सारखी नाही, पाठही सारखे नाहीत. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत आणि तुमच्या घरातील पारायणाची प्रत ह्यांत ओवीचा क्रमांक मागेपुढे होऊ शकतो. म्हणून अध्याय, ओवी आणि प्रत अशी तिन्ही सांगावी. चौथी अडचण परक्या तोंडून ऐकलेल्या आधाराची. पेशवे दप्तरातील एखादे पत्र तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकात वाचले असेल, तर दप्तर पाहिल्याचा आव आणू नये. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. त्या ग्रंथकाराकडून उतरवताना चूक झाली असेल, तर ती कोठे झाली हे तरी त्यामुळे कळते.

आजच्या काळाने दोन नव्या गोष्टी पुढे आणल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावयाचा. साठपर्यंत असेल तर एक वर्ष थांबावयाचे. आणि त्यापलीकडे गेल्यास नोंदणीच रद्द, असे त्यांत ठरवले. आधार देऊन घेतलेली अवतरणे ह्या मोजणीतून वगळली आहेत, हे मात्र भीतीपोटी अवतरणच टाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. यंत्र साम्य मोजते. प्रामाणिकपणा मोजण्याचे काम माणसालाच करावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. संगणकाला प्रश्न विचारावा आणि त्याने क्षणार्धात निबंध लिहून द्यावा, खाली संदर्भही द्यावेत, अशी सोय आता झाली आहे. त्या संदर्भांत लेखकाचे नाव असते, साल असते, पृष्ठांकही असतो. आणि तरीही तसे पुस्तक जगात कधी निघालेलेच नसते, असे घडते. रूप अगदी बिनचूक, पण वाट कोठेच जात नाही. म्हणून जे पान स्वतः उघडून पाहिले नाही, त्याचा आधार देऊ नये. संकेतस्थळावरून काही घेतले, तर त्याचा पत्ता आणि ते पाहिल्याची तारीखही लिहावी, कारण तेथील मजकूर उद्या बदलू शकतो.

एक साधी सवय सांगतो. टिपण काढतानाच, पहिला शब्द लिहिण्याआधी, ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक लिहावा. ‘नंतर लिहू’ म्हणून मी स्वतः एक पृष्ठांक सोडला होता. तो शोधण्यासाठी पुढे ग्रंथालयात माझे दोन दिवस गेले, आणि सापडला तेव्हा असे दिसले की, ते वाक्य मी उलट अर्थाने उतरवले होते. पृष्ठांकाने माझी चूक पकडली, म्हणून ते दोन दिवस वाया गेले असे मी म्हणत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आजीचे नाव संदर्भात घालतात का? अवश्य घालतात. तोंडी मिळालेल्या आधारालाही रीत आहे: सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, ऐकल्याची तारीख आणि टिपून घेणाऱ्याचे नाव. त्याआधी सांगणाऱ्याची संमती घ्यावी. ती नको म्हणाली तर नाव गाळून गाव आणि तारीख द्यावी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत गाणाऱ्या बायकांची आणि त्यांच्या गावांची नावे जपली गेली आहेत. ज्या बायकांनी आयुष्यभर पहाटे दळताना रचले आणि गायिले, पण ज्यांचे नाव कोठल्याही पुस्तकाच्या पाठीवर आले नाही, त्यांचा हक्क मान्य करण्याचा हाच एक मार्ग अभ्यासकाच्या हाती असतो. ‘लोकगीत’ म्हटले की तो हक्क पुसला जातो.

ती विद्यार्थिनी गावी गेली आणि महिन्याभराने प्रबंध सुधारून घेऊन आली. यादीतील चौदा ग्रंथांखाली आता अकरा बायकांची नावे होती, प्रत्येकीचे गाव होते, तारीख होती. सर्वांत वर तिच्या आजीचे नाव होते. “आजीला वाचता येत नाही,” ती म्हणाली, “म्हणून मी तिला तिचे नाव बोटाने दाखवले. ती बराच वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.”

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, समासात कोणी ‘आधार?’ असे लिहिले तर रागावू नका. त्या प्रश्नाने तुम्हांला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. तुमच्या वाचकाला तुम्ही गेलात त्या वाटेने जावयाचे आहे, एवढेच तो विचारतो आहे. त्याला वाट दाखवा.