सातबाऱ्यावर बाईचे नाव

वाचकहो, आता तुम्हांला अक्षरे लागतात. तेव्हा एक काम करा. घरातला सातबारा बाहेर काढा. पेटीत असेल, नाही तर पत्र्याच्या डब्यात असेल. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ती बोट ठेवून वाचा.

आजोबांचे नाव असेल. बापाचे असेल. भावाभावांची असतील. आता बाईचे नाव शोधा. आईचे, बायकोचे, बहिणीचे. सापडले का? पुष्कळ घरांत सापडणार नाही.

आता काम कोण करते ते पाहू. आमच्या घिवलीकडे आवण लावायला चिखलात कोण वाकते? बायका. बेणणी कोण करते? बायका. नवरा होडी घेऊन दर्यावर जातो हे खरे. पण मासळी किनाऱ्याला लागली की ती निवडायची बाईने, वाळत घालायची बाईने, आणि टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात विकायची तीही बाईनेच. होडीच्या कागदावर नाव मात्र नवऱ्याचे.

आम्ही शाळेत होतो तेव्हा हजेरीपट रोज हाताळला. पटावर नाव नसले तर मूल वर्गात बसून असले तरी कागदोपत्री नाहीच. बाईचे जमिनीत तसेच झाले आहे.

बाई ही पुरुषासारखीच माणूस आहे, म्हणून त्याचे जे हक्क तेच तिचेही, ह्या विचाराला शहरात ‘स्त्रीवाद’ म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. काही लोक विचारतात, आता ह्याची काय गरज? १८४८ साली सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले. आता मुली सायकलवरून शाळेत जातात, कोणी काही म्हणत नाही. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर आधी आईचे नाव येते, मग बापाचे. मग आता राहिले काय?

सातबारा राहिला. तो कसा राहिला ते सांगतो.

पूर्वी मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. विधवेला मिळाले तर हयातीपुरते. विकायचा अधिकार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हे बदलायला हिंदू कोड बिल पुढे नेले. बिल अडले. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ साली वारसाचा कायदा झाला. हिंदू, बौद्ध, जैन, शीख ह्यांना तो लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी ह्यांचे नियम निराळे आहेत.

ह्या कायद्याने काय होते? समजा, एका माणसाने स्वतःच्या कमाईतून ८० गुंठे जमीन घेतली. मृत्युपत्र न करता तो वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. चार वारस झाले. प्रत्येकाला २० गुंठे. त्याची म्हातारी आई हयात असेल तर वारस पाच, आणि वाटा १६ गुंठ्यांचा. मुलगी लग्न होऊन गेली असली तरी तिचा वाटा जात नाही.

वाडवडिलांच्या जमिनीत मात्र मुलगी अजून मागेच होती. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलला, पण ज्यांची लग्ने आधी झाली होती त्या मुली सुटल्या. २००५ साली साऱ्या देशाचा कायदा बदलला. मुलगी मुलाइतकीच वारस झाली, लग्न झालेली असो वा नसो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी उलगडून सांगितले, की हा हक्क मुलीला जन्मापासून आहे. २००५ साली बाप हयात होता की नव्हता ह्याने फरक पडत नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी ज्या वाटण्या नोंदणी करून किंवा कोर्टातून झाल्या, त्या मोडत नाहीत.

कायदा इतका चांगला आहे, तर नावे का नाहीत?

बाप वारतो. दिवसकार्य होते. भाऊ वारसनोंदीचा अर्ज करतो. कधी त्यात बहिणींची नावेच घालत नाही. घातली, तर काही दिवसांनी निरोप येतो, “बाय, जरा पालघरला ये, एक सही पाहिजे.” बहीण विचारते, “कसली सही, दादा?” “काही नाही गं, कागद नीट करायचे आहेत.” ती येते. वहिनी तिला जेवू घालते, साडी नेसवते. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद झाली की बहिणीचा वाटा संपला. मागाहून रडून काही होत नाही. कोर्टात फसवणूक शाबीत करावी लागते, आणि ते सोपे नाही.

सगळेच भाऊ कपटी नसतात. पुष्कळांना वाटते की रीत अशीच आहे. पुष्कळ बहिणीही आपण होऊन सही देतात. म्हणतात, “हिस्सा घेतला तर माहेर तुटेल. भाऊबीजेला कोणाकडे जाऊ?” ही भीती खोटी नाही. नवऱ्याने टाकले तर तिला तेच एक दार असते. पण पाहा, भावाला कधी असे वाटते का, की मी वाटा घेतला तर आई-बाप तुटतील? राजीखुशीने सोडायचे तर सोडावे, तो तिचा अधिकार. कागद वाचून, समजून सोडावे, एवढेच आमचे म्हणणे.

कोणी म्हणतात, मुलीला लग्नात दिले ना. लग्नाचा खर्च मुलाचाही होतो. तो त्याच्या वाट्यातून कोणी कापत नाही. आणि हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याचे पैसे हिश्शात कसे धरायचे?

आमच्या भागात हा प्रश्न नुसत्या भाताचा नाही. घिवलीच्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ पासून तिथे वीज होते. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बुलेट ट्रेनसाठी जिल्ह्यातली जमीन गेली. वाढवणच्या बंदराला २०२४ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. जमीन सरकारात जाते तेव्हा मोबदला कोणाला मिळतो? सरकार आधी कागद पाहते. ज्याचे नाव, त्याला नोटीस. ज्याचे नाव, त्याच्या खात्यात पैसे. ज्या बाईने तीस वर्षे त्या जमिनीत आवण लावले, तिला कोणी विचारीत नाही. शेत गेले की तिची मजुरीही गेली. पैसे भावाच्या किंवा दिराच्या खात्यात. मोटारसायकल येते, घरावर मजला चढतो, काही दारूत जाते. विधवा सून मागे राहते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हे वेगळे कुटुंब धरावे, असे लिहिले आहे. ही ओळ फार थोड्या बायकांना ठाऊक आहे.

आदिवासी बहिणींची गोष्ट आणखी कठीण. १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते. पण २०२५ साली छत्तीसगडच्या एका गोंड घराण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाईला वाटा देऊ नये अशी रूढी शाबीत होत नसेल, तर बाई म्हणून तिला वगळणे बरोबर नाही. तिच्या वारसांना वाटा मिळाला. आमच्या जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, काथोडी पाड्यांवर ही बातमी पोचली पाहिजे.

हे जमते का? जमते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ नावाची चळवळ चालवली. नवऱ्याने आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर घरांनी असे केले, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातले विटनेर अशा गावांत गाजले. पुरुषांनीच पुढे होऊन हे केले, हे आम्हांला फार आवडले. पुढे १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले, की नवऱ्याने अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावावे. काही पुरुष भितात, बायको जमीन विकून टाकील! घडते ते उलट. दोघांची नावे असली की एकट्याला सारी जमीन विकता येत नाही. दारूच्या नादात अंगठा उठवला, तरी बायकोची सही लागतेच.

आता करायचे काय ते सांगतो. घरातला माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यावा. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा. वारसांच्या यादीत आई, बायको, सगळे मुलगे आणि सगळ्या मुली लिहाव्या. मेलेल्या माणसाचेच नाव अजून चालू असेल, तर तेही बदलून घ्यावे. त्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून सरकारने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली.

अर्जानंतर फेरफार लिहिला जातो आणि संबंधितांना नोटीस निघते. ती बहिणींना सासरी पोचली का, हे विचारावे. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. कोणाचे नाव राहिले असेल तर तेवढ्यात लेखी हरकत द्यावी, आणि दिलेल्या अर्जाची पोच शिक्का मारून घरी आणावी.