जपानी बोलीतले रोजचे शब्द : मुलांना काय शिकवायचं आणि कधी?



जपानी शिकणाऱ्या मुलांच्या कानावर आज दोन प्रकारची जपानी पडते. एक पुस्तकातली, 'ताबेमासु', 'इकिमासु', 'देसु' अशी कडक इस्त्री केलेली. दुसरी कार्टूनमधली, 'याबाई', 'माजी', 'ओमाए', 'उरुसाई'. पहिली घोकून पाठ होते, दुसरी न शिकवताच तोंडात बसते. मग पालक विचारतात, "हे शब्द वाईट आहेत का हो? बोलू द्यायचे का?" आज आपण हेच पाहूया.

एक गोष्ट आधीच सांगते. बोलीतला जपानी शब्द शिकताना त्याचा अर्थ काय, हा प्रश्न अर्धाच आहे. तो कोण कोणाला म्हणतंय, हा उरलेला अर्धा. आणि हा अर्धा भाग मराठी माणसाला नव्याने शिकवावा लागत नाही. तू, तुम्ही आणि आपण यांत आपण लहानपणापासून वावरतो.

आधी एक घोळ दूर करू. पुस्तकापेक्षा वेगळं ऐकू आलं की मुलं त्याला सरसकट 'स्लँग' म्हणतात. तसं नाही. आपण 'मी जेवत आहे' असं लिहितो आणि 'जेवतोय' असं बोलतो. 'जेवतोय' ही काही टपोरी भाषा नव्हे. जपानीतही 'ताबेते इरु'चं बोलताना 'ताबेतेरु' होतं. 'ताबेते शिमात्ता'चं होतं 'ताबेचात्ता', म्हणजे आपलं 'खाऊन टाकलं'. (हे 'शिमाउ' इंग्रजीतून समजावताना नाकी नऊ येतात. मराठीत 'टाकणे' म्हटलं की मुलांना लगेच कळतं.) 'इकानाकेरेबा नारानाई', म्हणजे 'जायलाच हवं', याचं नुसतं 'इकानाक्या' उरतं. 'गोहान ओ ताबेमाशिता का?' या पूर्ण वाक्यातले 'ओ' आणि 'का' गळून 'गोहान ताबेता?' होतं, आणि शेवटी सूर वर जातो. जसं आपलं 'जेवलास का?' आणि नुसतं 'जेवलास?'. जपानी प्रश्नातही 'का' वाक्याच्या शेवटीच येतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण मुलांना तो फार आवडतो.

'ताबेरु', 'इकु' ही क्रियापदांची साधी रूपं आहेत. जपानी वर्तमानपत्रातल्या बातम्या, रोजनिशी, निबंध याच रूपांत लिहितात, आणि शब्दकोशातही हीच सापडतात. त्यामुळे 'अजून लहान आहेत, आधी मासु-रूप पक्कं होऊ दे' म्हणत ही रूपं वर्षभर पुढे ढकलणं मला पटत नाही. नुसतं मासु-रूप शिकलेल्या मुलाला दोन जपानी मुलांच्या गप्पा कळत नाहीत.

आता कोण कोणाला, याकडे येऊ. जपानी मूल घरात आईवडिलांशी आणि आजीआजोबांशीही साध्या रूपातच बोलतं. त्यात अनादर नाही. आपल्याकडे 'ए आई' म्हणण्यात तरी कुठे असतो? पण शाळेतल्या क्लबमध्ये एकाच वर्षाने पुढे असलेला विद्यार्थी 'सेनपाई' होतो, आणि त्याच्याशी 'देसु-मासु' लावूनच बोलायचं असतं. बरोबरीच्यांशी बोलायच्या या मोकळ्या भाषेला 'तामेगुची' म्हणतात. 'तामे' हा मूळचा जुगाऱ्यांचा शब्द, दोन फाशांवर सारखाच आकडा पडणं या अर्थाचा. त्यावरून तो बरोबरीचा, सारख्या वयाचा असा झाला. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाशी तामेगुचीत बोललं की जपानी माणसाला जे वाटतं, त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, अरेतुरे करणं.

मराठी मुलं हमखास अडकतात ते 'अनाता'पाशी. पुस्तकात 'अनाता' म्हणजे 'तुम्ही' असं दिलेलं असतं, म्हणून ती बिनधास्त शिक्षकांनाच 'अनाता' म्हणतात. आपलं 'तुम्ही' आदराचं, तसं 'अनाता' नाही. समोरच्या मोठ्या माणसाला जपानीत सर्वनाम लावतच नाहीत. आडनावापुढे 'सान' किंवा 'सेनसेई' जोडतात, नाहीतर कर्ता गाळून टाकतात. गंमत म्हणजे जुन्या वळणाच्या जपानी घरात बायको नवऱ्याला 'अनाता' म्हणून हाक मारते, थेट आपल्या 'अहो'सारखी. 'ओमाए' मात्र सरळ 'ए, तू'. जिवलग मित्रांत ते चालतं, बाहेर भांडण होईल. मुलगे स्वतःला 'ओरे' म्हणतात तेही असंच रांगडं. वर्गात 'वाताशी' किंवा 'बोकु' पुरे.

आता खरोखरीचे स्लँग शब्द. 'याबाई' पहिल्यांदा ऐकलं की आपल्या मुलांना 'या बाई!' ऐकू येतं आणि वर्ग हसतो. हसू द्या, शब्द लक्षात राहतो. हा मूळचा चोरभामट्यांच्या बोलीतला शब्द, अर्थ 'धोका आहे'. आज गृहपाठ घरी राहिला तर 'याबाई', आणि रामेन चविष्ट लागलं तरी 'याबाई'. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने २०१४ या आर्थिक वर्षात केलेल्या पाहणीत, आपण 'फारच छान' या अर्थी 'याबाई' वापरतो असं सोळा ते एकोणीस वयोगटातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं. सगळ्या वयांचा मिळून हा आकडा सत्तावीस टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे नातू 'याबाई' म्हणाला की आजोबांना बिघडलंय असं वाटायचं. पण आपलं 'खतरनाक' तरी वेगळं काय? 'खतरनाक वळण' आणि 'खतरनाक बॅटिंग', शब्द तोच. वर्गात या जोडीवरून शिकवा, वेगळं काही समजवावं लागत नाही.

'माजी' हा 'माजिमे', म्हणजे गंभीर, प्रामाणिक, या शब्दाचा तुकडा. 'माजी दे?' म्हणजे 'खरंच की काय?'. 'गाची' सुमो कुस्तीतल्या 'गाचिन्को'वरून आला. गाचिन्को म्हणजे आधी न ठरवलेली, खरीखुरी झुंज. 'मेच्चा' म्हणजे 'लय', आणि आपल्या 'लय'सारखाच त्यालाही प्रांताचा वास आहे, तो ओसाकाकडचा. 'साबोरु' म्हणजे दांडी मारणं, फ्रेंच 'साबोताज'ला जपानी शेपूट लावून केलेलं क्रियापद. हे सगळे शब्द मित्रांमध्ये चालतात. 'किमोई' (किळसवाणं) आणि 'उझाई' (डोक्याला ताप) यांचं तसं नाही. जपानी शाळांत एखाद्या मुलाला त्रास देताना हेच शब्द वापरले जातात. मुलांना ते समजले पाहिजेत, पण एखाद्या माणसाकडे बघून कधीच म्हणायचे नाहीत, एवढं स्पष्ट सांगा. 'सुगोई'चं 'सुगे', 'नाई'चं 'ने' हा आणखी एक ढंग. आपण 'नाही'चं 'नाय' करतो तसाच, पण जपानीत तो बराच रांगडा आणि पुरुषी वाटतो.

मोबाइलवर आणखी काटछाट चालते. 'र्‍योकाई' (समजलं) याचं 'र्‍यो' होतं. हसण्याला 'वाराई' म्हणतात, त्याचं इंग्रजी आद्याक्षर 'डब्ल्यू' ओळीने लिहितात. ती रांग उगवलेल्या गवतासारखी दिसते, म्हणून हसू आलं की आता नुसतं 'कुसा' म्हणजे 'गवत' असं लिहितात. दिवसाचं काम संपल्यावर म्हणायचं 'ओत्सुकारेसामा देसु', म्हणजे जवळपास 'दमलात हं', मित्रांत 'ओत्सुकारे' आणि चॅटवर 'ओत्सु' होतं. (यातला 'त्सु' आपल्या 'चुलत'मधल्या 'चु'सारखा म्हणायला सांगा, मराठी जिभेला तो जमतोच.) वरिष्ठांना मात्र अख्खंच म्हणायचं.

कार्टून बंद करा असं मी म्हणणार नाही. कान तयार होतो, तो पुस्तकाने होत नाही. पण पात्रांची भाषा ही पात्रांची असते. सातोशी किन्सुई या जपानी भाषाभ्यासकांनी तिला 'याकुवारिगो', भूमिकेची भाषा, असं नाव दिलं. २००३ साली त्यांचं यावर पुस्तक आलं. कार्टूनमधले म्हातारे प्राध्यापक स्वतःला 'वाशी' म्हणतात, खरे प्राध्यापक तसं बोलत नाहीत. ऐतिहासिक मालिका बघून आपलं मूल किराणा दुकानात 'आम्ही निघतो, आज्ञा असावी' म्हणालं तर कसं वाटेल? शिनचॅन तर मूळ जपानीत घरी येताना 'तादाइमा' (आलो) म्हणायचं सोडून 'ओकाएरी' (आलास का) म्हणतो. ती चूक मुद्दाम केलेली आहे, विनोद त्यातच आहे. जपानी पालकांचीही त्याच्या बोलण्याबद्दल तक्रार असायचीच.

पुण्यामुंबईत जेएलपीटी देणाऱ्यांच्या पालकांनी एक ध्यानात ठेवावं. या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. मूल चांगल्या गुणांनी पास होतं, पण ते कसं बोलतं हे कोणी तपासलेलं नसतं. ते पहिल्यांदा कळतं मुलाखतीत, किंवा जपानमध्ये ज्या कुटुंबात राहायचं त्यांच्या दारात. तिथे 'माजी दे?' तोंडातून निसटलं तर समोरचा काही बोलणार नाही, हसून मान हलवेल. म्हणूनच मुलाला आपलं काय चुकलं हे समजतही नाही.

यासाठी मी वर्गात एकच खेळ घेते. 'उद्या येणार का?' हे वाक्य तीन जणांना विचारायचं. मित्राला 'आश्ता कुरु?', सेनपाईला 'आश्ता किमासु का?', आणि सेनसेईंना 'आश्ता इराश्शाइमासु का?'. आधी मराठीत करून घ्या, येणार का, याल का, येणं होईल का. मग जपानीत. चिठ्ठीवर व्यक्ती लिहून ठेवायची, मुलाने ती उचलून लगेच बोलायचं. घरी पालकांनाही हे जमेल, जपानी येत नसलं तरी.

आणि शब्दांच्या याद्या फार पाठ करून घेऊ नका. १९९० च्या दशकात जपानी शाळकरी मुलींमध्ये 'चोबेरिबा' या शब्दाची चलती होती, 'चो' म्हणजे अति आणि पुढे इंग्रजी 'व्हेरी बॅड'चा तुकडा. आज कोणी तो म्हणाला तर मुलं त्याच्याकडे बघतच राहतील. अशा शब्दांनाही जपानीत नाव आहे, 'शिगो', मेलेले शब्द.