गाडीचा विमा : खोट्याच्या नादात हक्काचा पैसा बुडवू नका

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. पेरणीची लगबग चालू होती. एक बाई आपल्या दिराला घेऊन कार्यालयात आल्या. "साहेब, शेतकरी अपघाताचा फारम भरायचाय," एवढंच बोलल्या आणि कापडी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांचे मालक बाजाराच्या दिवशी रात्री मोटारसायकलवरून घरी येताना मोरीजवळ घसरून पडले आणि जागीच गेले. समोरून कुणी आलं नव्हतं, कुणाची धडक नव्हती.

पिशवीत सातबारा होता, मृत्यूचा दाखला होता, पंचनाम्याची नक्कल होती. तळाशी घडी घातलेली गाडीच्या विम्याची पॉलिसी होती. ती हातात घेतली तेव्हा दीर म्हणाले, "तिचा काय उपयोग साहेब? चूक आमच्याच माणसाची. एक जण म्हणतोय, वळखीचा टेम्पो दाखवू, टेम्पोनं उडवलं असं लिहून देऊ. पैसे आले की निम्मे त्याचे."

मी पॉलिसीचा कागद उलगडून दाखवला. हप्त्याच्या तक्त्यात एक ओळ होती : 'मालक-चालक वैयक्तिक अपघात, १५ लाख'. तिच्यापुढे हप्ता भरल्याचा आकडाही होता. म्हणजे ज्या पैशासाठी खोटा टेम्पो उभा करायचा बेत चालला होता, त्यातला मोठा पैसा पिशवीच्या तळाशी हक्काने पडून होता. बाई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

एका कागदात दोन विमे

शेतकरी बंधूंनो, आपण गाडीचा विमा काढतो तो पोलीस अडवतात म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या खेपेला २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण थर्ड पार्टी म्हणजे तिसऱ्याचं नुकसान. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई कंपनी देते. आपण स्वतः पडलो तर त्यातून काही मिळत नाही.

आपल्यासाठी असतो तो मालक-चालकाचा अपघात विमा. पूर्वी दुचाकीला तो १ लाखाचा आणि चारचाकीला २ लाखांचा होता. २०१८ साली विमा नियामक प्राधिकरणाने तो १५ लाख केला. चूक कुणाची, हा प्रश्न त्यात येत नाही. मृत्यू झाला, किंवा दोन हात, दोन पाय, दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. साध्या जखमेचं दवाखान्याचं बिल मात्र यातून मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

अटी तीन आहेत. गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर पाहिजे, पॉलिसी त्याच्याच नावाची पाहिजे आणि लायसन चालू पाहिजे. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. जुनी गाडी घेतो, आर.सी. बुकावर नाव पहिल्या मालकाचंच राहतं. मग पडलेल्या माणसाच्या घरच्यांना काही मिळत नाही. विकणाऱ्याचीही सुटका नाही. नाव बदललं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गाडी विकली की नाव बदलूनच मोकळे व्हा.

आणखी एक गोष्ट. काही एजंट हप्ता कमी दिसावा म्हणून ही १५ लाखांची ओळ गाळतात. पॉलिसी हातात आली की त्या ओळीपुढे शून्य तर नाही ना, हे पाहा. दुचाकीवर मागे बसणाऱ्या घरच्या माणसालाही नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण मिळत नाही. फुल इन्शुरन्स म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत ते मिळतं.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे वाचावं

ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी काढलेला असतो आणि बसायची जागा एकाच माणसाची, चालवणाऱ्याची. मडगार्डवर बसलेला पोरगा, ट्रॉलीत बसलेल्या खुरपणीच्या बाया यांचा त्यात विचार नाही. ट्रॉली उलटली तर कंपनी हात वर करते, किंवा कोर्टाच्या आदेशाने पैसे भरते आणि मग मालकाकडून वसूल करते. त्या वसुलीत जमीन जायची वेळ येते. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा करा. कामावरच्या मजुरांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं, ते एजंटला विचारून घ्या. आणि माणसं ट्रॉलीत भरूच नका.

स्वस्तातली पॉलिसी

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवून देतं. त्यात कुठल्याही एजंटला सूट देता येत नाही. "अर्ध्या पैशात थर्ड पार्टी करून देतो," असं कुणी म्हणालं तर तो कागद खोटा असण्याचीच शक्यता जास्त. कंपनीचा शिक्का हुबेहूब असतो, नंबर मात्र दुसऱ्याच गाडीचा निघतो. पडताळायला मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका; विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. तिथे न दिसल्यास कंपनीच्या शाखेत पॉलिसी नंबर दाखवून विचारा. पैसे रोख न देता बँकेतून द्या आणि पावती घ्या.

खोटा दावा कसा होतो आणि कुणाला भोवतो

त्याचे प्रकार ठरलेले आहेत. पडलेल्या माणसासाठी दुसऱ्याची विमा असलेली गाडी उभी करायची. लायसन नसलेल्या पोराच्या जागी लायसनवाला चालक दाखवायचा. फिर्याद महिनाभर उशिरा द्यायची आणि साक्षीदार घरचाच आणायचा. हे सगळं तपासात उघडं पडतं. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या नोंदवहीत 'घसरून पडला' असं लिहिलेलं असतं आणि ते खोडता येत नाही. उत्तर प्रदेशात असे दावे इतके वाढले की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातलं. फसवणूक करून पैसे उकळण्याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे. दलाल बाजूला होतो, सही मात्र घरच्यांची असते.

पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती आहे. कुणाच्या दुःखाकडे बघून खोट्या जबाबावर सही करू नका. त्याने त्या घराचा खरा दावाही बुडतो.

अपघात झाला तर

१) पोलिसांत लगेच कळवा. कुणाची धडक नसली तरी अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा करून घ्या. शवविच्छेदन टाळू नका. "कशाला फाडता" म्हणून अंत्यविधी उरकला की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

२) जखमीला उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. दवाखान्यात पोचताच तिचं नाव काढा.

३) दुसऱ्याच्या गाडीने इजा झाली असेल तर औषधाची प्रत्येक चिठ्ठी, पावती, एक्स-रे जपून ठेवा. मोटार अपघात दावा प्राधिकरणात दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी दोन्ही मागता येतात. अर्ज सहा महिन्यांच्या आत करा.

४) गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी खोटी गाडी शोधू नका. एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा.

५) खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातला एक जण असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख आहेत. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या.

६) कंपनीने दावा नाकारला तर लेखी कारण मागा. १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. विमा लोकपालांकडे दाद मागायला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

त्या बाईंनी टेम्पोवाल्याला नाही म्हटलं. आमच्याकडचा फारम भरला आणि कंपनीकडेही दावा टाकला. कागदांसाठी चार-पाच हेलपाटे झाले. पण गाडी मालकाच्याच नावावर होती, लायसन चालू होतं आणि पोलीस पाटलांनी जसं घडलं तसं लिहिलं होतं. सात-आठ महिन्यांनी पैसे त्यांच्या खात्यात आले, त्यात वाटेकरी कुणी नव्हता.

आज घरी गेल्यावर एवढं करा. गाडीची पॉलिसी काढा, नाव बघा, तारीख बघा, ती १५ लाखांची ओळ बघा. आणि कागद कुठे ठेवला आहे ते घरच्या बाईमाणसाला सांगून ठेवा. गरज पडेल तेव्हा तो त्यांनाच शोधावा लागणार आहे.